खाडी न ओलांडलेला बाजार

नेरूळच्या सेक्टर ६ ला लागून सारसोळे हे कोळी-आगऱ्यांचे गाव आहे. गावाची जेट्टी पाम बीच मार्गापलीकडे, खाडीच्या अंगाला. नवी मुंबईचा नकाशा ज्या ९५ गावांच्या जमिनीवर काढला गेला त्यांतले हे एक. तो नकाशा मुळात कशासाठी काढला होता, याचा आज विसर पडला आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला सगळा कामधंदा साचला आहे, रोज सकाळी अख्खे शहर त्या एकाच दिशेला धावते, तेव्हा नुसती घरे बांधून भागणार नाही, धंदाच पूर्वेला आणला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली ती हाच विचार घेऊन. पुढच्या पंचवीसएक वर्षांत मुंबईचे घाऊक बाजार खरोखरच एकामागून एक खाडी ओलांडून आले. मशीद बंदरचा कांदा-बटाटा आला, दाणाबंदरचे धान्य आले, मसाले आले, १९९६ च्या सुमारास क्रॉफर्ड मार्केटची फळे आणि भायखळ्याची भाजी आली. लोखंड-पोलाद कळंबोलीला गेले. सारसोळ्यापासून काही किलोमीटरवर, तुर्भ्याला, पहाटे ट्रकांच्या रांगा लागू लागल्या. एक बाजार तेवढा आला नाही, आणि तो नेमका हलवायला सगळ्यांत सोपा वाटावा असा होता. त्याला ना गोदाम लागे, ना ट्रक, ना हमाल. त्याचा लाखोंचा माल सदऱ्याच्या आतल्या खिशात मावत होता. हिऱ्यांचा बाजार झवेरी बाजारातून ऑपेरा हाऊसला गेला, तिथून वांद्रे-कुर्ला संकुलात गेला, पण खाडी त्याने ओलांडली नाही.

जड माल आला आणि हलका माल राहिला, याचे उत्तर कोणीही चटकन देईल: हिऱ्यांचे व्यापारी बडे, त्यांना हलवणार कोण? पण कांद्याचे आडते काही दुबळे नव्हते. त्यांनीही वर्षानुवर्षे विरोध केला, आणि शेवटी ते आले. ते आले याला दोन कारणे होती. १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्याने घाऊक व्यवहार कुठल्या आवारात व्हावा हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे होता. आणि दक्षिण मुंबईच्या गल्ल्यांत ट्रक उभा करायला जागा उरली नव्हती. ट्रक जिथे थांबेल तिथे त्या बाजाराला थांबणे भाग होते. हिऱ्याच्या बाजाराला असा ट्रक नाही. त्याला एका जागी धरून ठेवणारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही म्हणून नकाशा काढणाऱ्याच्या हिशेबात ती येत नाही. ती गोष्ट म्हणजे पत: कोणाच्या हातात न मोजता माल द्यावा आणि कोणाच्या हातात देऊ नये, याचे पिढ्यान्‌पिढ्या साठलेले ज्ञान. माझे म्हणणे असे आहे की मुंबईच्या हिरेबाजाराचा सगळा इतिहास, त्याच्या जागा, त्याचे स्थलांतर, त्याचे न हलणे, या एका गोष्टीने उलगडतो. इमारती, बॉम्बस्फोट, सरकारी धोरणे यांनी त्याला ढकलले खरे, पण तो कुठे जाऊन टेकला ते या विश्वासाच्या साखळीनेच ठरवले.

ही साखळी कशी चालते ते जवळून पाहिले पाहिजे. कांद्याचे पोते फोडून मूठभर कांदे पाहिले की पोत्याची कल्पना येते. हिऱ्याचे तसे नाही. सारख्या वजनाच्या दोन खड्यांत रंगाच्या एका छटेने, आतल्या एका बारीक डागाने किमतीत दुपटीचा फरक पडतो. म्हणून खरेदीदाराने प्रत्येक खडा स्वतः पाहावा लागतो, तोही उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या स्थिर उजेडात, भिंग डोळ्याला लावून, चिमट्यात धरून. माल असतो तो पुडीत. जाड पांढऱ्या कागदाची घडी, आत पातळ झिरझिरीत कागदाचे अस्तर, वरच्या पटलावर पेन्सिलीने लिहिलेले कॅरट आणि सेंट. ही पुडी मालकाकडून दलालाकडे, दलालाकडून गिऱ्हाइकाकडे आणि तिथून परत अशी दिवसभर फिरते. ती ज्या कराराने फिरते त्याला जांगड म्हणतात. हा शब्द आपल्या जुन्या व्यवहारातलाच आहे: पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत करायचा, अशा बोलीवर नेलेला माल. जांगडाच्या चिठ्ठीवर एवढेच असते की हा माल फक्त दाखवण्यासाठी दिला आहे, मालकी देणाऱ्याचीच आहे, आणि मागताक्षणी तो परत करायचा आहे. मुंबईच्या न्यायालयांनीही जांगडाचा हाच अर्थ मानला आहे. त्या चिठ्ठीतला ‘मागताक्षणी’ हा शब्द माझ्या मते या बाजाराचा खरा नकाशा आहे. मागितल्यावर माल लगेच परत यायचा तर तो नेणारा हाकेच्या अंतरावर हवा. दुसरे गिऱ्हाईक समोर येऊन बसले आणि पुडी मात्र खाडीपलीकडे असली, तर त्या जांगडाला अर्थ उरत नाही. म्हणून हिऱ्याचे व्यापारी एकमेकांना खेटून बसतात, आणि म्हणून त्यांतल्या एकट्याने उठून दुसरीकडे जाणे म्हणजे बाजाराबाहेर जाणे होते.

हे मुंबईत सुरू झालेले नाही. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए गोवळकोंड्याच्या आणि कर्नाटकाच्या खाणींवर फिरला. रावळकोंड्याच्या खाणीवरचे त्याने केलेले वर्णन आजही चकित करते. गावाच्या चौकात मोठ्या झाडाखाली रोज सकाळी व्यापाऱ्यांची दहा ते पंधरा-सोळा वर्षांची पोरे येऊन बसत. प्रत्येकाच्या कमरेला एका बाजूला हिऱ्याच्या वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला सोन्याच्या होनांची. कोणी खडा विकायला आला की तो सर्वांत मोठ्या पोराच्या हातात देई. तो पाहून शेजारच्याला देई, आणि एक शब्द न बोलता खडा सगळ्यांच्या हातांतून फिरून परत त्याच्याकडे येई. मग तो भाव करी. संध्याकाळी पोरे आपापली खरेदी एकत्र करीत, प्रतवारी लावून मोठ्या व्यापाऱ्यांना विकत आणि नफा वाटून घेत. मोठ्या सौद्यांत वडीलधारे शेल्याखाली हात धरत. पूर्ण पंजा दाबला तर हजार, एक बोट तर शंभर, मधल्या पेरापर्यंतचे बोट पन्नास, टोक दहा. शेजारी बसलेल्याला भाव कळत नसे. तुर्भ्याच्या फळबाजारातला रुमालाखालचा सौदा ज्याने ऐकून-पाहून माहीत करून घेतला असेल त्याला हे ओळखीचे वाटेल. आंब्याला पेटी आणि ट्रक असल्यामुळे तो सौदा खाडी ओलांडू शकला, एवढाच फरक. तावेर्निएच्या त्या चौकात इमारत नव्हती, तिजोरी नव्हती, फक्त एक झाड होते. बाजार त्या पोरांत होता, आणि सचोटी व नजर या दोन गोष्टींचे शिक्षण त्यांना सर्वांसमोर मिळत होते. बाजाराची शाळा आणि बाजार या दोन वेगळ्या जागा नव्हत्या.

१७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले आणि जगाला हिरे पुरवण्याची भारताची मक्तेदारी संपली. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेने तर सगळे गणितच बदलले. १८८८ साली डी बीअर्स कंपनी स्थापन झाली आणि कच्च्या हिऱ्याची किल्ली पुढे लंडनला गेली. खाण गेली, तरी ओळखणारी नजर आणि पत असलेली माणसे इथेच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला मुंबईच्या मुंबादेवी परिसरातल्या पेढ्यांवर हिऱ्याइतकाच, किंबहुना जास्त, मोत्याचा व्यापार चाले. बहारीन-कुवेतकडचे पाणबुडे आखाताच्या तळातून काढत त्या मोत्यांची मोठी पेठ मुंबई होती. शेख मेमन स्ट्रीट, धनजी स्ट्रीट या गल्ल्यांत अरब व्यापारी आणि गुजराती जवाहिरे समोरासमोर बसत. मग जपानी संवर्धित मोती आले, पाठोपाठ १९३० च्या जागतिक मंदीचा तडाखा बसला, आणि आखाती मोत्याचा धंदा काही वर्षांत कोसळला. गल्ली ओस पडायला हवी होती. पडली नाही. त्याच गाद्या, तीच भिंगे, तेच दलाल राहिले, पुडीतला माल बदलला. माझ्या युक्तिवादाला यापेक्षा सबळ पुरावा मला दिसत नाही. माल मेला, साखळी जगली. बनासकांठ्यातल्या पालनपूर संस्थानातून आलेल्या जैन कुटुंबांनी या काळात हिऱ्यात जम बसवला, रंगून आणि अँटवर्पपर्यंत भाऊ-पुतणे पाठवले. मुंबईत पुडी देणारा आणि अँटवर्पला ती घेणारा एकाच गावचे, एकाच देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, जाणारे. कुणी एकाने शब्द फिरवला तर त्याची बातमी लग्नाच्या पंगतीत पोहोचत असे. कोर्टाच्या समन्सपेक्षा ही बातमी जलद पोहोचे आणि तिची शिक्षाही जबर होती, कारण पोराला पेढीवर कोण घेणार आणि पोरगी कोण करणार, हे प्रश्न त्या शब्दाला जोडलेले होते.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे कच्च्या हिऱ्यांच्या आयातीवर बंधने आली. मग सरकारने पैलू पाडलेला माल निर्यात करणाऱ्याला त्या प्रमाणात कच्चा माल आणण्याचा परवाना देण्याची योजना काढली. १९६६ साली रत्न आणि आभूषण निर्यात प्रोत्साहन परिषद स्थापन झाली. या धोरणाने धंद्याचे स्वरूप पालटले: बाहेरचा खडा आणायचा, इथे पैलू पाडायचे, परत बाहेर पाठवायचा. पैलू पाडायचे काम सुरत-नवसारीला गेले. तिथे घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसायला सौराष्ट्रातून, भावनगर-अमरेलीच्या कोरडवाहू गावांतून पाटीदारांची पोरे आली. इतरांनी फेकून दिलेला बारीक, मळकट माल ते घासत. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातली आर्गाइल खाण सुरू झाली आणि तिचा अगदी बारीक, तपकिरी माल या हातांनी दागिन्यात बसण्याजोगा केला. आज जगातले दहापैकी नऊ हिरे संख्येने भारतात घासले जातात असे सांगितले जाते, त्याची मुळे या बारीक मालात आहेत. धंदा वाढला तसा धनजी स्ट्रीटला मावेना आणि गिरगावच्या कडेला, ऑपेरा हाऊसच्या आसपास सरकला. ज्या नाट्यगृहात बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर यांनी रंगभूमी गाजवली, त्याच्या शेजारी पंचरत्न, प्रसाद चेंबर्स अशा इमारती हिऱ्याच्या पेढ्यांनी भरल्या. निर्यात परिषदेची कचेरीही जवळच, डॉ. भडकमकर मार्गावर होती. ज्यांना पेढी परवडत नव्हती ते दलाल फुटपाथवर उभे राहून पुड्या उघडत. दुपारी रस्ता माणसांनी फुलून जाई, आणि खाऊगल्लीतल्या वडापाव-सँडविचच्या गाड्यांपाशी सौदे होत.

ऑपेरा हाऊसच का, याचे उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. सुरत-नवसारीचा माल मुंबईला आणतो तो अंगडिया. कमरेला, पोटाशी बांधलेली पाकिटे घेऊन रात्रीच्या गाडीने निघायचे, सकाळी मुंबईत उतरायचे, दुपारपर्यंत पाकिटे ज्याची त्याला पोचवायची आणि रात्री परत. पाकिटात काय आहे हे तो उघडून पाहत नाही, पाठवणाराही फारसे सांगत नाही. सगळा व्यवहार अंगडियाच्या पेढीच्या नावावर चालतो. मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड, चर्नी रोड ही पश्चिम रेल्वेची स्थानके ऑपेरा हाऊसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे बाजार वांद्र्याला गेला तोही याच रेल्वेला धरून. छोट्या दलालांची घरे मालाड-बोरिवली-दहिसरला, बड्यांची वाळकेश्वरला. सारसोळ्याला जवळचे स्थानक नेरूळ, ते हार्बर मार्गावर. तिथे येणारी गाडी गुजरातेतून येत नाही. यावर कोणी म्हणेल की मग हा भूगोल झाला, विश्वास कुठे आला? पण रेल्वेचा रूळ तर कांद्यालाही होता, आणि कांदा त्याला धरून बसला नाही. हिऱ्याला रूळ महत्त्वाचा झाला कारण त्यावरून अंगडिया येत होता, आणि अंगडियाला दुसरा कसलाही पर्याय विश्वासाच्या मोलाने तेवढा स्वस्त नव्हता.

१९८४ हे साल या गोष्टीत दोन ठिकाणी येते, आणि दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या साली हिरे व्यापाऱ्यांनी भारत डायमंड बोर्स ही ना-नफा कंपनी काढली. ऑपेरा हाऊस अपुरे पडते आहे, सगळ्यांसाठी एक सुरक्षित जागा हवी, हा तिचा हेतू. त्याच साली, १६ आणि १७ जानेवारीला, खाडीच्या या बाजूला जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातूनच पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना मिळाला. एका बाजूला जागा सोडणाऱ्यांना विचारलेही गेले नव्हते. दुसऱ्या बाजूला जागा बदलू इच्छिणाऱ्यांनी पुढची २६ वर्षे वाटाघाटी केल्या, भूखंड मिळवला, सभासदांत कार्यालये वाटली, कोणाच्या शेजारी कोण हे ठरवले, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात बोर्स सुरू केला. बाळकृष्ण दोशी यांच्या आराखड्याचे, सुमारे २० एकरांवरचे, नऊ मजल्यांच्या आठ इमारतींचे, अडीच हजारांच्या आसपास कार्यालयांचे हे संकुल. आत बँका, तिजोऱ्या, आणि मौल्यवान मालासाठी सीमाशुल्काचे स्वतंत्र केंद्र. हिरेबाजार हलला, पण तो सगळ्यांनी मिळून हलायचे ठरवल्यावर. पत असलेल्याला हलण्याचा वेळ आणि अटी स्वतः ठरवता आल्या. ज्याच्याकडे फक्त सात-बारा होता त्याला आल्या नाहीत. नवी मुंबईच्या इतिहासातली ही विषमता हिऱ्याच्या बाजाराने जितकी स्पष्ट दिसते तितकी इतर कशाने दिसत नाही.

आता मुख्य आक्षेप. तो असा की ऑपेरा हाऊस सोडायला लावले ते बॉम्बने. १२ मार्च १९९३ ला झवेरी बाजारात स्फोट झाला, २५ ऑगस्ट २००३ ला मुंबादेवीजवळ पुन्हा झाला, आणि १३ जुलै २०११ च्या संध्याकाळी झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादर या तीन ठिकाणी काही मिनिटांच्या अंतराने स्फोट झाले. त्यांत पंचवीसहून अधिक माणसे गेली. ऑपेरा हाऊसचा स्फोट प्रसाद चेंबर्सजवळ, दलाल उभे राहत त्या गर्दीत झाला. त्यानंतर स्थलांतराला वेग आला यात शंका नाही. पण तारखा पाहिल्या पाहिजेत. बोर्स २०१० च्या ऑक्टोबरात सुरू झाला होता, सीमाशुल्काचे केंद्र तिथे आले होते, आणि तरीही २०११ च्या जुलैत ऑपेरा हाऊसचा रस्ता दलालांनी भरलेला होता. म्हणजे नवी इमारत आणि सरकारी केंद्र या दोघांनी मिळूनही बाजार पुरता हलला नव्हता. स्फोटानंतर हलला तो उरलेले सगळे एकदम उठले म्हणून. शिवाय झवेरी बाजाराने तीन वेळा रक्त पाहिले आणि तो तिथेच आहे. भीतीनेच बाजार हलत असते तर मुंबादेवीच्या गल्लीत आज एकही पाटी दिसली नसती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. विश्वासाचा एवढा महिमा सांगता, मग २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या शाखेतून बनावट हमीपत्रांच्या आधारे तेरा हजार कोटींहून अधिक रकमेचा घोटाळा झाल्याची तक्रार बँकेने दोन बड्या जवाहिऱ्यांच्या कंपन्यांविरुद्ध केली, तिचे काय? माझे उत्तर असे की ही फसवणूक जिथे झाल्याचे सांगितले जाते ती जागा विश्वासाची नव्हती, कागदाची होती. बँकेच्या हमीपत्राला शिक्का लागतो, संगणकातली नोंद लागते, आणि देणारा-घेणारा एकमेकांना ओळखत नसले तरी चालते. जांगडाची पुडी अनोळखी माणसाला मिळतच नाही. याचा अर्थ हिरेबाजारात सगळे साव असतात असा नाही. पेढ्या बसतात, लोक हात वर करतात, पोलिसांत तक्रारी होतात. १९९२ साली अमेरिकन कायदेअभ्यासक लिसा बर्नस्टाइन यांनी न्यूयॉर्कच्या हिरे व्यापाऱ्यांवर जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात हेच दाखवले होते: हे लोक कोर्टात जात नाहीत ते सज्जन म्हणून नव्हे, तर आपसातला निवाडा आणि बदनामी कोर्टापेक्षा स्वस्त आणि धारदार पडते म्हणून. विश्वास हा इथे मनाचा मोठेपणा नाही, ती एक यंत्रणा आहे, आणि तिला चालण्यासाठी माणसे एकमेकांच्या नजरेसमोर असावी लागतात.

त्या यंत्रणेची किंमतही कोणी तरी मोजते. ज्याला पुडी मिळत नाही तो बाहेर राहतो. गिरगावाने या बाजाराला चाळीस-पन्नास वर्षे आसरा दिला, पण पेढ्यांच्या पाट्यांवर मराठी आडनाव क्वचितच लागले. आपल्या इतिहासात हिरा बहुधा देवाच्या मुकुटात किंवा सरदाराच्या शिरपेचात दिसतो. त्र्यंबकेश्वरच्या शिवाचा नाशिक हिरा १८१८ साली पेशवाईच्या पाडावात इंग्रजांनी लुटून लंडनला विकायला नेला, तोवर त्याला भाव नव्हता, मान होता. व्यापार म्हणून हिऱ्याकडे पाहण्याची सवय आपल्याला जडली नाही, हे एक कारण. दुसरे कारण साखळीचा बंदिस्तपणा. यावर कोणी म्हणेल की मग हा विश्वास म्हणजे जातीचेच दुसरे नाव. बऱ्याच अंशी हे खरे आहे. पण सौराष्ट्राच्या पाटीदारांची वाट पाहिली की ते पुरते खरे राहत नाही. ते पालनपुरी नव्हते, जैन नव्हते, त्यांच्याकडे अँटवर्पचा काका नव्हता. ते घंटीवरून वर चढले: आधी घासणारे, मग माल सांभाळणारे, मग ठेकेदार, मग व्यापारी. वीस-पंचवीस वर्षे दुसऱ्याचा माल वजनात न घटवता परत दिल्यावर त्यांना पुडी मिळू लागली. म्हणजे दार बंद असले तरी एक खिडकी होती, आणि तिच्यापर्यंतचा जिना कारखान्यातून जात होता. महाराष्ट्रात असा जिना झालाच तर अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात. १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्ससाठी सुरू झालेल्या या क्षेत्रात १९८० च्या दशकाच्या अखेरीस दागिन्यांचे कारखाने आले आणि तिथे मराठी मुले-मुली जडावाच्या, पॉलिशच्या कामाला बसल्या. पण त्या पगारी नोकऱ्या राहिल्या. माल त्यांच्या हातांतून गेला, पुडी हातात आली नाही.

ज्याला अजूनही वाटते की मोठी इमारत बांधली की बाजार येतो, त्याने सुरतेकडे पाहावे. १७ डिसेंबर २०२३ रोजी खजोद येथे सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन झाले. नऊ मनोरे, साडेचार हजारांच्या आसपास कार्यालये, सुमारे ६७ लाख चौरस फूट बांधकाम, जगातली सर्वांत मोठी कार्यालयीन इमारत म्हणून गौरव. कारखाने सुरतेत, कारागीर सुरतेत, मग व्यापारी मुंबईत कशाला, हा तर्क कागदावर बिनतोड होता. मुंबईतल्या एका मोठ्या पेढीने उत्साहाने आपले दुकान तिकडे हलवलेही, आणि काही महिन्यांत ते मुंबईकडे परत आणले. परदेशी गिऱ्हाईक मुंबईत उतरत होते, दलाल मुंबईत होते, आणि एकट्या पेढीला जांगड द्यायला शेजारी कोणी नव्हते. पुढेमागे ते मनोरे भरतीलही, आणि भरले तर माझा युक्तिवाद खोटा ठरणार नाही. बोर्सला मुंबईतही २६ वर्षे लागली होती. प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्याने आज खाणीच्या हिऱ्याला घेरले आहे, त्याचे भाव झपाट्याने उतरले आहेत, आणि संवर्धित मोत्याची आठवण जुन्या पेढ्यांवर पुन्हा निघते. तेव्हाही माल बदलला होता. या खेपेला माल बदलला तरी पुड्या त्याच हातांतून फिरतील, असे मला वाटते.

आणि नवी मुंबई? ऑक्टोबर २०२५ मध्ये उलव्याला विमानतळाचे उद्घाटन झाले, सारसोळ्याच्या याच खाडीच्या दक्षिणेला. महाप्याच्या औद्योगिक क्षेत्रात वीसेक एकरांवर निर्यात परिषदेचा दागिने उद्योगांचा पार्क आखला गेला आहे. हे दोन्ही एकत्र धरून कोणी म्हणेल की साठ वर्षांपूर्वीचा नकाशा आता पुरा होईल. मला वाटते पार्क भरेल, बाजार येणार नाही. दागिना घडवण्याचे काम हलू शकते, कारण त्यात माल मालकाच्या तिजोरीतून निघून त्याच छपराखाली परत येतो. तिथे जांगड नाही, मजुरी आहे. काळबादेवी-झवेरी बाजारच्या दाटीत, लाकडी जिन्यांच्या जुन्या इमारतींत, आठ बाय दहाच्या खोल्यांत भट्ट्या पेटवून बंगाली कारागीर काम करतात, ते उजेडाच्या, हवेच्या जागी गेले तर चांगलेच आहे. त्या गल्ल्यांत मात्र आणखी एक धंदा आहे. पहाटे दुकाने उघडायच्या आधी घमेलेवाले येतात. पायऱ्या झाडतात, कारखान्यांच्या दारातली धूळ, मोरीतला गाळ, गटारातला चिखल घमेल्यात भरून घेतात, पाण्याने धुतात, पाऱ्याने धरतात, आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. जुन्या मराठीत या कामाला झारेकऱ्याचे काम म्हणत. त्यांना कोणी पुडी देत नाही, कोणत्याही बोर्सचे ते सभासद नाहीत, पण कोणाच्या दारात कोणी झाडायचे हे त्यांच्यात ठरलेले असते आणि सहसा मोडले जात नाही. महाप्याच्या आराखड्यात धूळ गोळा करायला यंत्रे असतील, मोऱ्यांना गाळण्या असतील, आणि गाळ ज्याच्या छपराखाली साठेल त्याच्याच मालकीचा असेल.